नवरीसोबत एक चहा

‘घाई कोणाला आहे?’ असं विचारून काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बसायचे. हा प्रश्न त्यांनी माझ्यादेखत कितीतरी जणांना विचारला. एकदा मलाच विचारला, तेव्हा मी सरळ उत्तर दिलं नाही. त्यांच्या हातातला माइक घेतला. काकांबद्दल लिहायचं तर हे आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं सगळं मी मला सोयीचं लिहीन, एवढी मला माझी ओळख आहे. मी माझ्या नात्यातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं. नुसतं जमवलं नाही. लावलं, माझ्या तोंडाने.

काका आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतले बौद्धाचार्य. लग्न, नामकरण, घरभरणी, माणूस गेल्यावरचं पुण्यानुमोदन, सगळे विधी तेच लावायचे. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर या कामाला पूर्णवेळ लागले. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशिवाय गल्लीतलं कुठलंच कार्य पुढे सरकत नाही आणि ज्याच्यावर प्रत्येक कार्यात कोणीतरी चिडलेलं असतं. काका तसे होते.

आवाज अगदी बेसूर. गाथा म्हणायला लागले की मागच्या रांगेतली पोरं तोंडावर हात धरून हसायची. काकांचे डोळे मिटलेले असायचे, त्यामुळे ती शांतता त्यांना श्रद्धेची वाटायची. विधी झाला की उरलेली अर्धी मेणबत्ती विझवून ते पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात टाकायचे. काकूंची त्यावरून रोजची कुरकुर होती, की या माणसाच्या एकाही सदऱ्याचं मेण निघत नाही, मेल्यावर सरळ वात लावली तरी चालेल.

त्यांची एक पद्धत होती. लग्न लावण्याआधी ते नवरीसोबत एक कप चहा प्यायचे. विहाराच्या ओसरीवर नाहीतर मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या टाकायच्या, एकीवर ते, दुसरीवर नवरी. घरच्यांनी दिसेल इतक्या जवळ थांबायचं, ऐकू येईल इतक्या जवळ नाही. त्या चहात काय बोलणं होतं हे कोणाला कळायचं नाही. मुली एवढंच सांगायच्या की काका आपला फोननंबर पाठ करून घेतात, आणि म्हणून दाखवल्याशिवाय उठू देत नाहीत. कॉलनीतल्या कित्येक लेकींना नवऱ्याचा नंबर पाठ नसेल, काकांचा होता.

सुरुवातीला लोक वैतागले. मग सवय झाली. मांडववाला विचारायचा, काकांचा चहा झाला का? आचारी विचारायचा, काकांचा चहा झाला का, पुऱ्या सोडू का? एका लग्नात नवरदेवाचा मामा फार तापला. आमच्या होणाऱ्या सुनेशी हा म्हातारा काय गुलुगुलु बोलतोय, म्हणाला. काकांनी त्यालाही खुर्ची टाकली, चहा मागवला आणि त्याचा बी.पी. विचारला.

एका मुलीची गोष्ट काका स्वतःच हसून सांगायचे. चांगली शिकलेली, बँकेत नोकरीला लागलेली. तिने घरच्यांशी भांडून, कितीतरी वर्षं थांबून आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न ठरवलेलं. काकांनी विचारलं, बाळा, घाई कोणाला आहे? तिने गरम चहा एका दमात संपवला आणि म्हणाली, काका, मलाच आहे, तुम्ही लवकर चला. त्या दिवशी काकांनी पत्रिकेतल्या वेळेच्या आधीच लग्न लावून टाकलं. अर्धं वऱ्हाड पोचलंच नव्हतं. कॅमेरेवाला धावत आला तेव्हा हार घालून झाले होते. ते पुन्हा काढून पुन्हा घालावे लागले.

हा चहा कुठून आला, हे मी एकदा त्यांच्या घरी विचारलं होतं. काका शेंगदाणे सोलत बसले होते. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनीच सांगितलं, की त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या इतक्या लहान होत्या की विधी चालू असताना झोपून गेल्या. कोणीतरी हलवून उठवलं, हार घातला आणि पुन्हा झोपू दिलं. पहिलं मूल राहिलं नाही. दुसरंही नाही. हे सगळं त्या पोळी उलटता उलटता सांगत होत्या.

‘मला कुठं कोणी चहा विचारला होता?’ काकू म्हणाल्या. ‘यांनी तरी कुठं विचारला?’

काका खाली मान घालून शेंगदाणे सोलत राहिले.

आता माझं. मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि तेव्हा कॉलनीच्या समितीचा सेक्रेटरी होतो. काका मला नावाने हाक मारत नसत, ‘सेक्रेटरी’ म्हणत, आणि त्या शब्दात थोडी थट्टा असायची. मला समाजकार्याची हौस होती. कोरोनाच्या साथीच्या दोन वर्षांत लग्नं थोडक्यात होऊ लागली, तेव्हा मी एक गोष्ट उचलून धरली होती: साखरपुड्यातच लग्न. साखरपुड्याला दोन्हीकडची माणसं जमलेलीच असतात. कोणीतरी वडीलधाऱ्याने उठायचं आणि म्हणायचं, दुसऱ्यांदा खर्च कशाला, आजच लावून टाका. लोक टाळ्या वाजवतात, मुलीच्या बापाच्या डोळ्यांत पाणी येतं, कर्ज टळतं. हे चांगलंच काम आहे, मी आजही म्हणेन. अशी बरीच लग्नं मी जमवून दिली. उठून बोलणारा वडीलधारा मीच असायचो. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर माझा फोटो फिरायचा, खाली लिहिलेलं असायचं, ‘समाजापुढे आदर्श’.

त्याच साथीत माझ्या मावसबहिणीचा नवरा गेला. ही शोभा. चांदवडच्या पलीकडे महामार्गालगतच्या एका गावात राहते. नवरा ट्रक चालवायचा. तो गेल्यावर शोभा कांद्याच्या खळ्यावर जायला लागली. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं आवार, तिथे बाया दिवसभर बसून कांदा निवडतात. सकाळी पिकअप येऊन घेऊन जाते, अंधार पडायच्या सुमाराला सोडते. घरी दोन मुली, थोरली अश्विनी नुकतीच दहावीत गेलेली, धाकटी पूनम तिच्याहून बरीच लहान.

शोभा एकदा माझ्याकडे आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग माझ्या बायकोचं लक्ष नाही असं बघून म्हणाली, की दादा, अश्वूला तुझ्याकडे ठेवशील का? दहावी होईपर्यंत. ती घरकामाला हात लावेल, खायला जास्त लागत नाही तिला. मी म्हणालो, बघू. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. माझी मुलगी तेव्हा बारावीच्या क्लासला जात होती, तिला आतली खोली एकटीला लागायची. हे मी शोभाला सांगितलं नाही. नुसतं बघू म्हणालो, आणि महिनाभरात तिला एक स्थळ सुचवलं.

हेच मला सांगायला जड जातं. घरात एक गादी जास्त टाकण्यापेक्षा स्थळ शोधणं मला सोपं वाटलं.

मुलगा ओझरकडचा, एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली. अश्विनीपेक्षा बराच मोठा. मागणी काही नाही, मुलगी द्या, बस्स. मुलगी किती वर्षांची हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिच्या नामकरणाला मी पेढे वाटले होते, म्हणजे वय मला माहीत होतं. विचारलं नाही म्हणजे माहीत नव्हतं, अशी मी पुढे बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली.

साखरपुडा आमच्याच विहारात ठेवला. हॉल मी फुकट मिळवून दिला. वॉर्डातले नगरसेवक आले. काकांना वंदनेपुरतं बोलावलं होतं. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, मग मी नेहमीप्रमाणे उठलो, नेहमीचं बोललो, आणि नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं. कोणाला तरी खुर्च्या टाकायला सांगितल्या आणि अश्विनीला घेऊन ओसरीवर गेले.

त्या दिवशीचा चहा फार वेळ चालला. दारातून मला ती दिसत होती. पांढरी साडी तिच्या आईची होती, पिनांनी आवळून बसवलेली. कप तिने दोन्ही हातांनी धरला होता.

काका आत आले, टेबलावरचा माइक उचलला आणि सरळ माझ्याकडे आले. हळू आवाजात बोलले, बाजूच्यालाही ऐकू जाऊ नये असे.

‘सेक्रेटरी, ही पोर दहावीला आहे.’

‘काका, घरची परिस्थिती बघा ना.’

‘परिस्थिती मला दिसते. घाई कोणाला आहे, तेवढं सांग.’

मी सांगितलं, की जेवण तयार आहे, माणसं लांबून आली आहेत, नगरसेवकांना पुढे जायचंय. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

‘तुझ्या लेकीचा साखरपुडा कधी आहे?’

मला राग आला. कोणी आपल्याबद्दल खरं बोललं की येतो तसा. मी त्यांच्या हातातून माइक घेतला आणि हसत हसत सगळ्यांना सांगितलं, की काकांची तब्येत बरी नाही, आज ही सेवा मी करतो. काकांनी खिशातली मेणबत्ती काढून टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले. म्हातारा हल्ली फार चिडचिडा झालाय, असं कोणीतरी म्हणालं.

इतकी लग्नं पाहिली होती की सगळं मला पाठ होतं. दोन्ही तसबिरींसमोर मी मेणबत्ती लावली. त्रिसरण, पंचशील झालं. मग प्रतिज्ञा. मी म्हणायचो, ती माझ्यामागून म्हणायची. एका ठिकाणी मी अडखळलो, तर तीही तिथेच अडखळली. शाळेत बाईंच्या मागून म्हणतात तशी म्हणत होती. हे मला तेव्हाच जाणवलं होतं. मी पुढचं वाक्य म्हणालो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. दहावीचे पेपर राहिले. सासरचे द्राक्षाच्या हंगामात बागांवर मजुरीला जायचे, ती त्यांच्यासोबत जायला लागली. पोटात बाळ असतानाही गेली. मुलगा झाला, फार लहान आणि फार अशक्त. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवला, तेव्हा जगला. नवऱ्याचं काम सुटलं, मग हात उठायला लागला, आणि एक दिवस मुलाला कडेवर घेऊन ती शोभाकडे परत आली. आता दोघी मायलेकी एकाच खळ्यावर बसतात.

मधे एकदा ती आमच्याकडे आली होती. माझी मुलगी कॉलेजातून घरी आलेली. तिने अश्विनीला मोबाइलवर कॉलेजचे फोटो दाखवले. अश्विनी एका फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘ताई, हे मागचं झाड कशाचं आहे?’ मी उठून आत गेलो.

काका माझ्याशी बोलायचे बंद झाले नव्हते. नुसती थट्टा बंद झाली होती. समोर आलो की ‘जय भीम’ म्हणायचे आणि पुढे जायचे. सेक्रेटरी म्हणत नसत. पुढे मी सेक्रेटरीपद सोडलं, पण त्याचं कारण कोणाला सांगितलं नाही.

त्यांच्यात एक बदल झाला, तो मात्र सगळ्यांनी पाहिला. पूर्वी एखादं लग्न पटलं नाही तर काका उठून जायचे. आता उठत नसत. खुर्चीत बसून राहायचे, माइक मांडीवर ठेवून. चहा चालूच आहे म्हणायचे. वरचेवर चहा मागवायचे. एकीकडे माणसं समजवायची, एकीकडे मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावायचे, तोही सगळ्यांसमोर, मोठ्याने. एका बापाने त्यांची कॉलर धरली. त्यांनी त्याला सांगितलं, की सदरा ओढ हवा तर, त्याचं मेण तसंही निघत नाही. ते लग्न झालं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवार होता. काका सकाळीच माझ्या दारात उभे. आत या म्हणालो तर आले नाहीत.

‘सेक्रेटरी, गाडी काढ,’ म्हणाले. ‘चांदवडला जायचंय.’

कितीतरी दिवसांनी त्यांनी मला सेक्रेटरी म्हटलं होतं. मी कशाला, कुठे, काही विचारलं नाही. गाडी ओझरच्या पुढे गेल्यावर त्यांनी मागे बसून सांगितलं. आदल्या दिवशी त्यांना फोन आला होता. अश्विनीचा. त्या दिवशी पाठ करून घेतलेला नंबर ती विसरली नव्हती. तिने एवढंच विचारलं होतं: ‘काका, पूनमसाठी चहा प्यायला याल का?’

पूनम तेव्हा नववीत होती.

आम्ही पोचलो तेव्हा शोभाच्या घरासमोर दोन मोटारी उभ्या होत्या. ओट्यावर सतरंजी, त्यावर मुलाकडची माणसं. मुलाचे चुलते पुढे बसलेले, पांढरी टोपी, जाड आवाज. अश्विनी दाराआड मुलाला घेऊन उभी होती. मला बघून तिने पदर सारखा केला आणि नजर काकांवर ठेवली.

काकांनी पूनमसोबत चहा घेतला, अंगणातल्या बाजेवर बसून. दूध नासलं होतं म्हणून कोरा चहा. ती काही बोलली नसावी, कारण तो फार लवकर संपला. मग काका ओट्यावर येऊन बसले आणि सगळ्यांना मिळून त्यांनी तो प्रश्न विचारला.

मुलाचे चुलते हसले. म्हणाले, की शुभ कामाला उशीर नको, एवढंच. मग शोभा बोलली. ती कधी चारचौघांत बोललेली मी पाहिली नव्हती.

‘मला हाय घाई,’ ती म्हणाली. ‘मी सकाळी जाते ती अंधाराची येते. अश्वू आता माझ्याबरोबर खळ्यावर बसते. पोरगी घरी एकली. ढाब्यावरची पोरं दारासमोर गाड्या लावून उभी राहत्यात. एकानं तिला मोबाइल देऊ केला. उद्या काय झालं तर गाव त्या पोरांना नाय बोलणार, मला बोलणार. तुम्ही चहा पिऊन नाशिकला जाल, काका. मी काय करू?’

मला वाटलं काका आता कायदा सांगतील. त्यांनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

‘हिची घाई खरी आहे,’ ते म्हणाले. ‘तिला भीती वाटते. भीतीवर लग्न हे औषध नाही, पण भीती खरी आहे.’

चुलत्यांना हे आवडलं नाही. मग पोरीला तुम्ही सांभाळणार का, असं त्यांनी विचारलं. शहरातली माणसं बोलायला येतात, सांभाळायला कोण येतंय? बोलायला काय जातंय.

काकांनी शांतपणे सांगितलं, की गावात बालविवाह थांबवायचं काम ज्याचं, त्या ग्रामसेवकाला येतानाच निरोप दिलाय, तो जेवून येतोय. आणि आणखी एक कप चहा मिळाला तर बरं होईल, कारण मी काही इथून उठणार नाही. मग ते माझ्याकडे वळले. कपाळावरचा घाम पुसला आणि बघत राहिले.

त्या ओट्यावर मला माझ्या घरातली आतली खोली दिसली. मुलगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून ती रिकामीच होती. तिथे आम्ही जुना कूलर आणि गाद्या ठेवायचो.

‘पूनम माझ्याकडे राहील,’ मी म्हणालो. ‘शाळा नाशिकरोडला बघतो.’

शोभा माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता.

‘बघू म्हणशील,’ ती म्हणाली.

‘नाही. आज घेऊन जातो. पिशवी भर तिची.’

चुलते उठले. जाताना मला म्हणाले, की भाऊ, पाहुण्यांना बोलावून अपमान करायची ही रीत बरी नाय. मी हात जोडले. काका बसल्या जागेवरून म्हणाले, चहा घेऊन जा. ग्रामसेवक आला तेव्हा गाड्या वळणावर दिसत होत्या. त्याने नुसती त्यांच्याकडे आणि आमच्याकडे एकदा नजर टाकली आणि तोही चहाला बसला.

पूनमला त्याच दिवशी आणता आलं नाही, मोटरसायकलवर तिघं कसे बसणार? ती दुसऱ्या दिवशी अश्विनीबरोबर एस.टी.ने आली. मी स्टँडवर उभा होतो. माझ्या बायकोने आतली खोली झाडून कूलर बाहेर काढला होता. मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की हे तेव्हा सांगितलं असतंस तर तेव्हाही काढला असता. म्हणजे बायकोला चालणार नाही, असं मी मनाशी धरलेलंही खोटंच होतं. तिला मी कधी विचारलंच नव्हतं.

पण तो परतीचा प्रवास सांगायचा राहिला. पिंपळगावच्या अलीकडे काकांनी गाडी थांबवायला लावली. टपरीवर बसलो. चहा माझ्यासाठी त्यांनीच सांगितला, मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, ‘अश्विनी त्या दिवशी ओसरीवर काय म्हणाली, ते तू मला कधी विचारलं नाहीस.’

मी म्हणालो, मला धीर झाला नाही.

‘मी तिला विचारलं, बाळा, घाई कोणाला आहे. तिने आत बघितलं. तू माइकवर बोलत होतास. म्हणाली, मामाला.’

रस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर चालले होते. काका ते जाऊ देत थांबले.

‘आणि मी उठून गेलो,’ ते म्हणाले. ‘उठून जाणारा माणूस स्वतःचेच हात धुतो, सेक्रेटरी. पोर तिथंच राहते. मी तिथं मांडी घालून बसलो असतो तर तुला माइक मिळाला असता का?’

मी त्यांची माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

‘मला काय म्हणतोस? मी नवरी होतो का?’

एवढं बोलून त्यांनी टपरीवाल्याला साखर कमी पडल्याचं सांगितलं.

पूनम आमच्याकडे रुळली. सुरुवातीला रात्री उशाशी पिशवी भरून ठेवायची, मग ठेवेनाशी झाली. काका रविवारी यायचे, तिला गणिताची उदाहरणं घालायचे आणि स्वतः चुकायचे. ती त्यांना चूक दाखवायची तेव्हा फार खूश व्हायचे. ती वहीच्या पानांचे फोटो काढून अश्विनीला पाठवते हे मला उशिरा कळलं. अश्विनी बाहेरून दहावीला बसणार आहे. खळ्यावर जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर ती पानं वाचते.

या थंडीत काका गेले. सकाळी उठले, दाढी केली, आणि खुर्चीत बसले ते बसलेच. काकू म्हणाल्या, चहा ठेवला होता, विचारायला गेले तर हा माणूस बोलेना. सदरा बदलताना खिशातून मेणबत्त्यांचे तुकडे निघाले. काकूंनी ते टाकू दिले नाहीत.

पुण्यानुमोदनाला विहार भरून गेला. बाहेरच्या रस्त्यावरही माणसं होती. विधी लावायला सातपूरचे एक आचार्य आले होते, त्यांचा आवाज चांगला होता, आणि त्यामुळेच की काय, मला ते सगळं दुसऱ्याच कोणाचं तरी वाटत राहिलं. लोकांनी मला बोलायला सांगितलं. माइक माझ्यापर्यंत आला. मी तो पुढे दिला.

अश्विनी आली होती. मुलाला पूनमकडे देऊन ती ओसरीवर एकटीच उभी होती, चपलांच्या जवळ. माणसांना चहा देणं चालू होतं. मी दोन कप घेतले. कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या आणि तिला बस म्हणालो. ती बसली. कप तिने दोन्ही हातांनी धरला.

बोलायचं काय ते मी बरेच दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. शोभाची परिस्थिती, साथ, माझी दोन खोल्यांची जागा, सगळं त्यात होतं. त्यातलं काहीच मी बोललो नाही.

‘अश्विनी, त्या दिवशी घाई मला होती,’ मी म्हणालो. ‘तुला नव्हती. तुझ्या आईलाही नव्हती, ती जागा मागायला आली होती. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी लग्न लावलं. माझं चुकलं. मला माफ कर, असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण मी म्हणतो.’

ती कपाकडे बघत होती. आत गाथा सुरू झाल्या. मागच्या रांगेत कोणी हसलं नाही.

चहा संपेपर्यंत ती उठली नाही. मीही उठलो नाही.